कल्हईची पट्टी, मातीचं भांडं आणि कार्बन डायऑक्साइड

बेळगावहून काकती ओलांडून निपाणीच्या दिशेनं निघालं की होनग्याची औद्योगिक वसाहत लागते, मग भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ, आणि संकेश्वरपासून पुढं ऊसच ऊस. या पट्ट्यातल्या ज्या साखर कारखान्यांना डिस्टिलरी आहे, तिथल्या आंबवणीच्या टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडतो. चिमणीच्या धुरात नायट्रोजनची भरपूर मिसळ असते. टाकीवरचा हा वायू मात्र जवळजवळ शुद्ध असतो. ग्लुकोजचा एक रेणू आंबला की अल्कोहोलचे दोन रेणू होतात आणि कार्बन डायऑक्साइडचेही दोनच. म्हणजे एक लिटर इथेनॉलमागे सुमारे ७५५ ग्रॅम वायू. शेजारीच बगॅस जाळून वीज तयार होत असते.

वायू आणि वीज एकाच आवारात आहेत, तर विजेच्या जोरावर त्या वायूचं उपयोगी रसायन करता येईल का? येतं, आणि बी.एस्सी.च्या साध्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत करून पाहता येतं. इथं दिलेल्या कृतीत फॉर्मेट हे फॉर्मिक आम्लाचं क्षार-रूप तयार होतं. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगीच्या चाव्यातलं आम्ल. तिलारी घाट उतरून दोडामार्गात गेलात तर रबराच्या बागांत चीक गोठवायला तेच वापरतात. चामड्याच्या कारखान्यांत ते लागतं, मुरघास टिकवायलाही चालतं.

रसायन तयार करणं हा या कृतीचा सोपा भाग आहे. ते खरोखर तयार झालं हे सिद्ध करणं आणि त्यासाठी किती वीज गेली हे मोजणं अवघड. म्हणून खालची निम्मी कृती मोजमापाची आहे. ती गाळली तर हाती फक्त बुडबुडे राहतील.

आत काय घडतं

ऋणाग्रावर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पाण्याच्या साथीनं दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि फॉर्मेट होतो. पण त्याच जागी पाणीही इलेक्ट्रॉन मागत असतं, आणि त्याला ते मिळाले की हायड्रोजन सुटतो. सगळी झटापट या दोघांतली आहे. कोण जिंकणार हे ऋणाग्राचा धातू ठरवतो. जपानच्या चिबा विद्यापीठातले योशिओ होरी यांनी १९८० च्या दशकापासून एकेक धातू घेऊन हे तपासलं. सोन्यावर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळाला, तांब्यावर मिथेन आणि एथिलीन, कथलावर फॉर्मेट. त्यांच्या मोजणीत दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअर प्रवाह असताना कथलावर सुमारे ८८ टक्के वीज फॉर्मेटच्या कामी आली होती.

कथील म्हणजे आपल्या कल्हईचा धातू. महागड्या इलेक्ट्रोडऐवजी कल्हई केलेली तांब्याची पट्टी इथं चालते.

धनाग्रावर पाण्यातून ऑक्सिजन सुटतो. तयार झालेलं फॉर्मेट तिथं पोहोचलं तर त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होईल आणि केलेलं काम वाया जाईल. त्यासाठी दोन्ही कप्प्यांमध्ये आडोसा हवा. विकतचं पटल महाग पडतं. त्याऐवजी बिनझिलईचं, भाजलेलं मातीचं भांडं घ्यावं. डॅनिअलच्या जुन्या विद्युतघटातही असंच सच्छिद्र भांडं असे. बेळगाव जिल्ह्यात यासाठी खानापूर गाठावं. तिथं कुंभारकामाची जुनी परंपरा आहे आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथंच आहे.

साहित्य

घटासाठी:
- रुंद तोंडाचं ५०० मिलीचं काचेचं भांडं आणि त्यावर घट्ट बसणारं रबराचं किंवा प्लास्टिकचं झाकण
- बिनझिलईचं मातीचं भांडं, सुमारे ५ सेंमी व्यासाचं आणि ८ सेंमी उंच
- तांब्याची पट्टी, २ सेंमी रुंद, ८ सेंमी लांब, कल्हई केलेली
- धनाग्रासाठी प्लॅटिनमची तार किंवा पत्रा. नसल्यास ग्रॅफाइटची कांडी
- पोटॅशियम बायकार्बोनेट २५ ग्रॅम
- डिस्टिल्ड वॉटर (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालेल)
- प्रवाह स्थिर ठेवणारा डी.सी. पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, वायरी

वायूसाठी:
- खाण्याचा सोडा ४२ ग्रॅम
- सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व, ३५ ग्रॅम
- एक लिटरची जाड बाटली, वायू धुण्यासाठी दुसरी लहान बाटली
- सलाइनचा सेट, रबरी नळ्या, माशांच्या टाकीतला एअर स्टोन

तपासणीसाठी:
- पोटॅशियम परमँगनेट ०.०२ मोलर, सोडियम थायोसल्फेट ०.१ मोलर
- धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), पोटॅशियम आयोडाइड, १ मोलर सल्फ्युरिक आम्ल, ताजं स्टार्चचं पाणी
- ब्युरेट, पिपेट, ५०० मिलीचे कोनिकल फ्लास्क

गुळाचं पाणी आंबवूनही वायू मिळेल, पण ती भानगड प्रयोगशाळेत नको; गुळाच्या वॉशमागं वायूबरोबर अबकारीची माणसंही येतात. सोडा आणि लिंबूसत्त्वाचा मार्ग सरळ आहे. ४२ ग्रॅम सोड्यातून साधारण १२ लिटर वायू निघतो आणि एवढ्यात एका वेळचा प्रयोग होतो.

सुरुवातीलाच सांगायची काळजी

कथलावर फॉर्मेटबरोबर थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि हायड्रोजन तर होतोच. या प्रयोगात दोन्ही मिळून थोडेच असतील, तरी झाकणातून निघणारी नळी खिडकीबाहेर सोडावी किंवा फ्यूम कपबोर्डमध्ये काम करावं. जवळ बर्नर पेटवू नये. घटात मीठ कधीही घालू नये. धनाग्रावर क्लोरीन सुटेल. कल्हई करताना वापरलेला नवसागरही क्लोराइडच आहे, म्हणून पट्टी नीट धुऊन घ्यावी. सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात ओतू नये. विद्यार्थ्यांनी हे काम शिक्षक हजर असतानाच करावं.

पूर्वतयारी (आदल्या दिवशी)

१. कल्हईवाल्याकडून पट्टीच्या दोन्ही बाजूंना पूर्ण कल्हई करून घ्यावी. शुद्ध कथीलच हवं, असं त्याला बजावून सांगावं. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर फॉर्मेट होईल, पण शिसं पाण्यात उतरण्याचा धोका राहील. तांबं कुठंही उघडं दिसता कामा नये, कडांनाही नाही. उघड्या तांब्यावर दुसरेच वायू तयार होतात.

२. पट्टी गरम पाण्यानं तीन-चार वेळा, मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवावी. सँडपेपरनं किंवा आम्लानं घासू नये. कथलावर हवेत आपोआप धरलेला ऑक्साइडचा पातळ थर या कामात उपयोगी पडतो. स्टॅनफर्डच्या चेन आणि कानन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की तो थर काढून टाकला तर कथलावर मुख्यतः हायड्रोजनच सुटतो.

३. पट्टीची एक बाजू आणि कडा नेलपॉलिशनं झाकून रात्रभर वाळू द्याव्यात. दुसऱ्या बाजूची खालची ५ सेंमी लांबी उघडी ठेवावी. उघडं क्षेत्रफळ २ गुणिले ५, म्हणजे १० चौरस सेंटिमीटर भरतं. हे मोजून ठेवलं नाही तर प्रवाहाच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

४. मातीचं भांडं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर भिजवावं आणि पाणी दोन-तीनदा बदलावं. मातीतलं लोह घटात उतरलं तर ते कथलावर जाऊन बसतं आणि हायड्रोजनची बाजू बळकट करतं. याच कारणानं धनाग्राला स्टीलचा चमचा किंवा खिळा लावू नये आणि बोअरचं पाणी वापरू नये.

५. २५ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ५०० मिली द्रावण करावं. हे ०.५ मोलर झालं. खाण्याच्या सोड्याचं द्रावणही चालतं, पण पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा हायड्रोजनला थोडा अधिक आवर घालतो.

कृती

६. काचेच्या भांड्याच्या मधोमध मातीचं भांडं ठेवावं. बाहेरच्या जागेत २०० मिली द्रावण घालावं. मातीच्या भांड्यात आतली पातळी बाहेरच्याइतकी होईपर्यंत द्रावण भरावं. पातळी सारखी नसेल तर द्रावण मातीतून झिरपत एका बाजूला सरकत राहतं.

७. धनाग्र मातीच्या भांड्यात सोडावं. कल्हईची पट्टी बाहेर, उघडी बाजू मातीच्या भांड्याकडं करून लावावी. पट्टी भांड्याला टेकू नये. एक सेंटिमीटरचं अंतर पुरे.

८. मोठ्या बाटलीत सोडा आणि १०० मिली पाणी घालावं. लिंबूसत्त्व २०० मिली पाण्यात विरघळवून ते सलाइनच्या बाटलीत भरावं आणि बाटली हातभर उंच टांगावी, म्हणजे वायूच्या उलट्या दाबानं थेंब अडणार नाहीत. चाकी फिरवून मिनिटाला पंचवीस-तीस थेंब ठेवले की वायू अडीच तास पुरतो. तो आधी धुण्याच्या बाटलीतल्या पाण्यातून आणि मग एअर स्टोनमधून बाहेरच्या द्रावणात सोडावा. सुटलेला वायू कोंडेल अशी एकही जागा ठेवू नये.

९. वीज सुरू करण्याआधी अर्धा तास नुसता वायू सोडावा. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ऋणाग्राला मिळणारा माल तेवढाच, म्हणून बुडबुडे अखेरपर्यंत चालू हवेत. द्रावण संपृक्त झालं की त्याचा सामू ७ च्या जरासा वर स्थिरावतो.

१०. पॉवर सप्लायचं ऋण टोक पट्टीला, धन टोक आतल्या धनाग्राला जोडावं. प्रवाह ५० मिलिअँपिअरवर स्थिर करावा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५. प्रवाह वाढवून घाई करू नये. विरघळलेला वायू पट्टीपर्यंत पोहोचण्याआधीच संपतो आणि जादा वीज हायड्रोजनमध्ये जाते.

११. दोन तास चालवावं. दर दहा मिनिटांनी प्रवाह आणि व्होल्टेज वहीत लिहावं.

१२. थांबवताना आधी पट्टी द्रावणाबाहेर काढावी, मग वीज बंद करावी. उलट केलं तर विजेचं संरक्षण गेलेलं कथील किंचित विरघळतं. विरघळलेलं कथीलही परमँगनेट खातं, आणि तपासणीत ते फॉर्मेटच्या नावावर जमा होतं.

तपासणी

गरम, अल्कधर्मी द्रावणात परमँगनेट फॉर्मेटचं ऑक्सिडीकरण करतं. शिल्लक परमँगनेट आणि तयार झालेला तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दोन्ही मिळून आयोडीन मोकळं करतात, ते थायोसल्फेटनं मोजायचं. कोऱ्या नमुन्यापेक्षा जेवढं थायोसल्फेट कमी लागलं, तेवढं फॉर्मेट.

१३. बाहेरच्या द्रावणातून ५० मिली पिपेटनं फ्लास्कमध्ये घ्यावं. त्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि बरोबर २५ मिली परमँगनेट घालून उकळत्या पाण्याच्या बाथवर वीस मिनिटं ठेवावं. जांभळा रंग टिकून राहिला पाहिजे. उडाला तर नमुना कमी घेऊन पुन्हा करावं.

१४. गार झाल्यावर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालावं. मग ५० मिली सल्फ्युरिक आम्ल अगदी हळूहळू सोडावं. बायकार्बोनेटमुळं जोरात फेस येतो, म्हणूनच फ्लास्क मोठा सांगितला.

१५. सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटनं फिकट पिवळं होईपर्यंत मोजावं, स्टार्च घालावं आणि निळा रंग जाईपर्यंत थेंबाथेंबानं पुढं जावं.

१६. आता कोरा नमुना. तेच भांडं, तशीच पट्टी, तोच वायू, तेवढाच वेळ. फक्त वीज नाही. त्यातलं ५० मिली घेऊन वरच्या तिन्ही पायऱ्या जशाच्या तशा कराव्यात. माती, नेलपॉलिश किंवा कथील यांतून परमँगनेट खाणारं काही उतरत असेल तर ते इथं पकडलं जाईल.

१७. दुसरी पडताळणी उलट बाजूनं: वीज तेवढीच, पण कार्बन डायऑक्साइड नाही. इथं बायकार्बोनेट वापरून चालणार नाही, कारण त्यातूनच थोडा वायू तयार होत राहतो. पोटॅशियम सल्फेटचं द्रावण घ्यावं आणि त्याचा स्वतंत्र कोरा नमुना ठेवावा. इथं फॉर्मेट दिसलं तर मूळ प्रयोगातल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

परमँगनेट फक्त फॉर्मेट ओळखत नाही. ज्याचं ऑक्सिडीकरण होतं त्या सगळ्यावर ते चालून जातं. म्हणून जिथं एनएमआर किंवा एचपीएलसीची सोय असेल, तिथं एक नमुना दाखवून घेणं चांगलं.

हिशेब

समजा, कोऱ्या नमुन्याला २५.० मिली थायोसल्फेट लागलं आणि प्रयोगाच्या नमुन्याला १९.४ मिली. फरक ५.६ मिली. याला ०.१ नं गुणून दोननं भागलं की ०.२८ मिलिमोल फॉर्मेट मिळतं. हे ५० मिलीतलं. २०० मिलीत १.१२ मिलिमोल.

आता वीज. ५० मिलिअँपिअर दोन तास, म्हणजे ३६० कूलंब. एका मोल फॉर्मेटला दोन मोल इलेक्ट्रॉन लागतात आणि एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलंब. त्या मापानं १.१२ मिलिमोलला २१६ कूलंब लागले. ३६० पैकी २१६, म्हणजे ६० टक्के वीज कामी आली. याला फॅरडे कार्यक्षमता म्हणतात. उरलेली मुख्यतः हायड्रोजनमध्ये गेली.

इथवर आकडा बरा वाटतो. पुढची पायरी बहुतेक जण करत नाहीत, आणि खरी परीक्षा तीच आहे. घट ४ व्होल्टवर चालला आणि कार्यक्षमता ६० टक्के असली, तर एक किलो फॉर्मिक आम्लाएवढं फॉर्मेट करायला ७.८ युनिट वीज लागते. त्या एका किलोत अडकतो ०.९६ किलो कार्बन डायऑक्साइड. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या दर युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ०.९६ किलो पकडायला साडेपाच किलो सोडले.

घट सुधारला तर? अगदी शंभर टक्के कार्यक्षमता आणि उष्मागतिकीनं परवानगी दिलेलं किमान व्होल्टेज, सुमारे १.४ व्होल्ट, धरलं तरी किलोला १.६ युनिट लागतातच. ग्रिडच्या विजेवर त्यांचा धूर होतो १.१ किलोच्या वर. पकडला त्याहून जास्तच. प्रचलित पद्धतीनं फॉर्मिक आम्ल बनवतानाही कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो या हिशेबात वजा करायला हवा, हे खरं. पण धूर गिळणारा कारखाना म्हणून कोळशाच्या विजेवर ही कृती उभी राहत नाही.

सौर वीज घेतली तर चित्र पालटतं. पॅनेल बनवण्यातला धूर धरून दर युनिटला ५० ग्रॅम मानले, तर ७.८ युनिटांचे होतात ०.३९ किलो. आता पकडलेला वायू सोडलेल्यापेक्षा जास्त आहे. या घटाला लागते पाव वॅटहूनही कमी वीज, तेव्हा दहा वॅटचं लहानसं पॅनेल आणि प्रवाह स्थिर ठेवणारं सर्किट लावून तोच प्रयोग गच्चीवर करता येईल.

बिघाड कुठं शोधावा

- पट्टीवर बुडबुड्यांची गर्दी, फॉर्मेट कमी: प्रवाह जास्त आहे, वायू कमी पडतोय किंवा कल्हईवर लोह बसलंय. नवी पट्टी लावून पाहावं.
- पहिल्या तासात फॉर्मेट, दुसऱ्यात नाही: पट्टी काळवंडली आहे का बघावं. पाण्याची आणि माती धुण्याची शुद्धता तपासावी.
- व्होल्टेज चढत चाललंय: मातीचं भांडं नीट भिजलेलं नाही किंवा आतली पातळी खाली गेली आहे.
- कोरा नमुनाच परमँगनेट खातोय: नेलपॉलिश पुरतं वाळलेलं नव्हतं किंवा ग्रॅफाइटचा गाळ बाहेर आलाय.
- धनाग्रावर अपेक्षेपेक्षा जास्त वायू: बायकार्बोनेट तिथल्या आम्लानं फुटून पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतोय. मोठ्या घटांनाही हा तोटा छळतो.

डिस्टिलरीपर्यंत जायचं तर

मोठ्या घटात वायू पाण्यात विरघळण्याची वाट पाहत नाहीत. सच्छिद्र कार्बनच्या पत्र्याला एका बाजूनं वायू आणि दुसऱ्या बाजूनं द्रावण लावतात, त्यामुळं दर चौरस सेंटिमीटरला शेकडो मिलिअँपिअर प्रवाह नेता येतो. मग वेगळ्या अडचणी येतात: पत्र्याच्या छिद्रांत कार्बोनेटचं मीठ धरतं, द्रावण वायूच्या बाजूला झिरपतं, आणि पातळ द्रावणातून फॉर्मिक आम्ल वेगळं काढायला पुन्हा ऊर्जा लागते. दुसरा मार्ग वळणाचा आहे: विजेनं आधी पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि उत्प्रेरकावर त्याची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालून मिथेनॉल करायचं. एनटीपीसीनं विंध्याचलच्या औष्णिक केंद्रात मिथेनॉलचा प्रकल्प उभारला तो या मार्गानं.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पकडून वापरण्याच्या विषयाची दोन राष्ट्रीय केंद्रं जाहीर केली, एक मुंबईच्या आयआयटीत आणि दुसरं बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. काकतीवरून जाणारा महामार्ग एकीकडं मुंबईची आणि दुसरीकडं बंगळूरची वाट धरतो. पुढं शिकायचं असेल तर दोन्ही दिशांना दार आहे.

तिथं जाताना वहीत चार रकाने भरलेले असावेत: किती कूलंब गेले, किती मिलिमोल मिळाले, व्होल्टेज किती होतं आणि किलोला किती युनिट पडले. पाचवा रकाना वीज कुठून आली याचा. कारखान्याच्या संचालकांनी किंवा पाहुण्या प्राध्यापकांनी पहिला प्रश्न त्या पाचव्या रकान्याचाच विचारायला हवा.